दुसरी किल्ली

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यात सकाळी सातला रुसून बसणारी गाडी नशिबी आली.

गाडी सासऱ्यांची, बावीस वर्षांची. त्यांची नजर अधू झाली, डॉक्टरांनी चालवणं बंद केलं आणि किल्ली माझ्याकडे आली. मला ती हवीच होती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नवी नोकरी लागली होती. साडेसातला मशीन चालू करायचं काम माझं, आणि तेवढ्या लवकर तिकडे बस जात नाही. पहिले तीन महिने नोकरी कच्ची. दोनदा उशीर झाला तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, "तिसऱ्यांदा झाला तर येऊ नका." नवरा कामानिमित्त बाहेरगावी, म्हणजे भांडायलाही घरात कोणी नाही.

गॅरेजच्या मिस्त्रींनी महिनाभरात गाडी अर्धी नवी केली. बॅटरी, पट्टा, पाण्याचे पाइप, प्लग. दुपारी एका फटक्यात चालू व्हायची, संध्याकाळीही. सकाळी मात्र नुसती खोकायची. मी दातओठ खात किल्ली फिरवायची आणि वर खिडकीत सासरे काळजी करत उभे.

एके दिवशी मिस्त्रींनी प्लग काढून माझ्यासमोर धरले. काळेकुट्ट आणि पेट्रोलने ओले.

"ताई, आठ दिवसांपूर्वी नवे टाकलेत. चोक ओढून गाडी चालू करायची आणि तापायच्या आत बंद करायची, असं कोण करतं?"

"कोणी नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये असते."

"मग भूत असेल. त्याला सांगा, अशाने प्लग भिजतात आणि पुढच्या वेळी गाडी उठत नाही." त्यांनी चार कोरडे प्लग आणि पाना पिशवीत घालून दिला, अडीअडचणीला.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच मी खाली उतरले. गाडी चालू होती. आत कानटोपी घालून सासरे बसले होते. मी जवळ पोचेपर्यंत त्यांनी ती बंदही केली.

मला बघून ते दचकले. "चालवत नव्हतो गं. गरम करून ठेवत होतो. मी कामावर जायचो तेव्हा रोज करायचो."

"मग बंद का केलीत, बाबा?"

"तुला यायला अर्धा तास. तोवर फुकट पेट्रोल जाळायचं?" पुढे म्हणाले, "तुला त्रास द्यायला लागली तेव्हापासून मी दोनदा गरम करतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर मी जिवाचा आटापिटा करतेय, आणि हे वरून काळजीने बघतायत. मिस्त्री काय म्हणाले ते मी फाडकन सांगितलं.  त्यांनी खिशातून दुसरी किल्ली काढून माझ्यापुढे धरली.

"ही पण घे. आता माझा उपयोग राहिला नाही."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. डोळे पुसून मी गाडी चालू करून बघितली. खोकली आणि बसली. सात वाजत आले होते. पिशवीतला पाना घेऊन मी बॉनेट उघडलं, पण कुठे काय फिरवायचं ते मला थोडंच ठाऊक?

"आण इकडे," सासरे म्हणाले.

त्यांना प्लग दिसत नव्हते. बोटांनीच चाचपत त्यांनी एकेक काढला, कोरडा बसवला. दहा मिनिटांत चारही. गाडी पहिल्या फटक्यात उठली.

मी किल्ली त्यांच्या खिशात परत टाकली. "उद्यापासून सातला पाच कमी असताना चालू करायची. आणि मी खाली येईपर्यंत बंद करायची नाही. कळलं?"

"कळलं."

लॅबमध्ये सात पंचविसाला पोचले. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि ते आपल्या कामाला लागले.

त्याला आता चार महिने झाले, नोकरीही पक्की झाली. सकाळी मी खाली येते तेव्हा गाडी चालू असते. सासरे उतरतात, मी बसते. सीट गरम असते.