घरची गुटी

रुद्र चार वाजले तरी उठला नाही, तेव्हा विभावरी आधी खूशच झाली. दोन महिन्यांचं पोर, दुपारी एकच्या ठोक्याला जो टाहो फोडायचं तो तीनपर्यंत. आणि जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या त्या इमारतीत एक ते तीन रुहेत्साइट, म्हणजे टाचणी पडली तरी शेजाऱ्याला ऐकू जायची वेळ. खालचे म्हातारबुवा झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे. घरमालकाची दोनदा चिठ्ठी आली होती. अशा घरात सासूबाई पुण्याहून येतात काय आणि आठ दिवसांत पोर गपगार झोपायला लागतं काय! कुठली सून कुरकुर करील?

"आई, तुमच्या हाताला गुण आहे हो," असं ती कालच म्हणाली होती. शैलाबाईंना ते ऐकून मूठभर मांस चढलं होतं. खोटं कशाला बोला?

पण आज चार वाजता त्यांनी रुद्रला उचललं आणि त्याची मान मागे कलंडली. तळपायाला टिचकी मारली, गालावर गार पाणी लावलं. पोर हूं की चूं करीना. ओठ जांभळट दिसत होते. श्वास यायचा, मग इतका वेळ जायचा की बाई स्वतःचा श्वास रोखून वाट बघत राहायच्या.

"विभावरी! अगं धाव! फोन कर कुणाला तरी!"

अॅम्ब्युलन्स सात मिनिटांत आली. विभावरीचा नवरा चारुदत्त स्टुटगार्टच्या ऑफिसातून परस्पर हॉस्पिटलात पोचला. तोवर रुद्रच्या नाकात नळी होती, बोटाला तांबडा दिवा होता आणि एक उंच, शांत डॉक्टरीण विभावरीला प्रश्न विचारत होती. ताप होता का? पडला का? काही औषध दिलं का?

"काहीच नाही," विभावरी जर्मनमध्ये म्हणाली आणि शैलाबाईंकडे वळली. "आई, आपण फक्त गुटी देतो ना? त्यात काय काय असतं?"

"वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग," शैलाबाई म्हणाल्या.

आणि थांबल्या. जिथे थांबायला नको होतं नेमक्या तिथेच.

त्या का थांबल्या ते समजायला रिसबूडांच्या, म्हणजे त्यांच्या सासरच्या, घराचा पाढा वाचायला हवा. चारुदत्तचे खापरपणजोबा बेळगावच्या लष्करी दवाखान्यात कंपाउंडर होते. तो राणी व्हिक्टोरियाचा काळ. साहेबांच्या मडमा रडक्या पोरांना विलायतेच्या बाटलीतलं सरबत चमचाभर पाजत आणि पोरं निवांत झोपत. बाटलीवर काय आहे ते लिहिलेलं नसे. पण कंपाउंडरच्या नाकाला कळलं. त्यांनी नोकरी सोडली, त्याच मालाच्या काड्या वळल्या, डबीवर राणीचं डोकं छापलं आणि 'शिशुसौख्य गुटी' गावोगाव विकली. लोकांनी रांगा लावल्या. पुढे कायदे आले तशी विक्रीची गुटी साधी झाली आणि मग बंदच पडली. पण घरची गुटी घरची राहिली. तिच्यात एक काळी काडी असायची. तिच्यात काय आहे ते फक्त सासूने सुनेला सांगायचं, तेही देवापुढे शपथ घालून. झाकली मूठ सव्वा लाखाची! सासऱ्यांच्या वेळच्या काड्या बरणीत अजून होत्या. त्यातली एक हळकुंडांच्या डब्यात पडून विमानाने जर्मनीला आली होती.

ती काडी अफूची होती.

डॉक्टरीण म्हणाली, मेंदूला सूज असेल, पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढून बघावं लागेल. विभावरीने ते शैलाबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी चारुदत्तचा हात धरून त्याला व्हरांड्यात ओढला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

चारुदत्तचा चेहरा पांढराफटक पडला.

"अफू? आई, तू अफू दिलीस माझ्या पोराला?"

"अरे, इतकुशी! सहाणेवर दोन वळसे, बस्स. घरची सहाण जड म्हणून आणली नाही रे. इथे त्या कुंडीखालच्या मातीच्या बशीवर उगाळली. ती खरखरीत निघाली. वळसे दोनच होते, पण उतरली जास्त. आज पाण्याला रंगही गडद आला होता, मला तेव्हाच कळायला हवं होतं..."

"हळू बोल!" त्याने दोन्हीकडे पाहिलं. "हे इथे कळलं तर काय होईल माहितीये तुला? युगेंडआम्ट येईल. मुलांचं खातं. रुद्रला काढून घेतील आपल्याकडून. तुला पोलीस नेतील. थांब जरा. आधी रिपोर्ट येऊ दे. कदाचित उतरेलही आपोआप."

आता बघा, हा मुलगा काही वाईट नव्हता. घाबरला होता. भीती माणसाला असलं काय काय बोलायला लावते. आणि शैलाबाईंनाही क्षणभर वाटलं, बरोबर बोलतोय. पोर गेलं सरकारात तर? आपण इथे तुरुंगात खितपत पडलो तर? आणि रिसबूडांचं नाव? खाल्ल्या घरचे वासे मोजणारी ही कोण, असं स्वर्गात बसून आपल्या सासूबाई म्हणतील. अर्ध्या मिनिटात हे सगळं डोक्यात येऊन गेलं आणि अर्धं मिनिट बाई गप्प उभ्या राहिल्या. त्या अर्ध्या मिनिटाची लाज त्यांना पुढे जन्मभर वाटली.

आत यंत्र किंचाळलं. दोन नर्सा धावल्या. काचेतून दिसलं, रुद्रची छाती हलत नव्हती. एकीने त्याच्या तोंडावर मास्क दाबला आणि हाताने फुगा दाबायला लागली.

शैलाबाई दार ढकलून आत घुसल्या. जर्मन येत नव्हतं, इंग्रजी मॅट्रिकपुरतं. त्यांनी डॉक्टरीणबाईंचा दंडच धरला.

"ओपियम," त्या ओरडल्या. "आय गिव्ह. मी! ओपियम!"

त्याला दुभाषा लागला नाही. डॉक्टरीणबाईंनी रुद्रची पापणी उचलून टॉर्च मारला. बाहुली मोहरीएवढी होती. त्यांनी काहीतरी हुकूम सोडला, नर्सने सिरिंज भरली, हाताला लावलेल्या सलाईनच्या नळीतून उताऱ्याचं औषध आत गेलं. विभावरी सासूकडे बघत होती आणि ते बघणं शैलाबाईंना सहन होईना.

एक मिनिट गेलं असेल. रुद्रने पाय झाडला. मग तोंड वाकडं केलं आणि असा टाहो फोडला की सगळ्या मजल्याने ऐकावा. शैलाबाई भिंतीला टेकून हमसून हमसून रडल्या.

"तुम्ही त्याला आता हात लावायचा नाही," विभावरी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "कळलं ना, आई?"

"कळलं गं."

तासाभराने डॉक्टरीण कागद घेऊन आली. उताऱ्याच्या औषधाचा अंमल अफूआधीच ओसरतो, तेव्हा दोन दिवस रुद्रला इथेच ठेवणार होते. युगेंडआम्टला कळवणं भाग होतं, तेही तिने स्पष्ट सांगितलं. काडी त्यांना तपासायला हवी होती. मग शैलाबाईंपुढे खुर्ची ओढून ती प्रश्न विचारायला लागली आणि चारुदत्त मराठीत सांगायला लागला. किती दिवस दिलं, कशावर उगाळलं.

शैलाबाईंनी बशीची हकीकत पुन्हा सांगितली. बशी खरखरीत, सहाण गुळगुळीत. चूक बशीची झाली, नाहीतर पिढ्यान्पिढ्या आमच्याकडे हेच देतात. चारुदत्तने तेही सांगितलं, जरा जोरातच. त्याला ते सोयीचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवून लिहून घेतलं.

"विचारतायत, स्वतःच्या किती मुलांना दिलं होतंस," चारुदत्त म्हणाला, आणि आईच्या उत्तराची वाट न बघता जर्मनमध्ये सांगून मोकळा झाला, "त्स्वाय."

"काय सांगितलंस?"

"दोन. मी आणि अहिल्या."

शैलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तीन," त्या म्हणाल्या.

"आई, दोन. आम्ही दोघंच ना?"

"तुझ्या आधी एक होता रे. गुरुदत्त नाव ठेवलं होतं. सव्वातीन महिन्यांचा होता. दुपारी गुटी देऊन निजवला, तो उठलाच नाही. सासूबाई म्हणाल्या, देवाला आवडला. मीही तेच म्हणत आले चाळीस वर्षं." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "बशी नव्हती तेव्हा. सहाण घरचीच होती, आणि वळसे दोनच. सांग त्यांना."

चारुदत्त खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टरीण पेन धरून थांबली होती. मग मागून विभावरी आली, शैलाबाईंच्या शेजारी बसली आणि तिने ते जर्मनमध्ये सांगितलं.