शून्यांच्या आठ ओळी

गादीवाल्या मावशीच्या छातीच्या स्कॅनमध्ये एक गाठ निघाली. "जन्मभर कापूस पिंजला, त्याचाच बोळा अडकला असेल," म्हणत तिने ती हसण्यावारी नेली. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "तुम्ही काही वर्षांपूर्वी पडला होतात तेव्हाही छातीचा स्कॅन काढला होता ना? तो आणा. गाठ त्यातही एवढीच असेल, तर तिच्या वाटेला जायचं नाही. नसेल, तर छाती उघडावी लागेल."

स्कॅनचं ते केंद्र केव्हाच बंद झालं होतं. मिळालेली सीडीही चरे पडून कामातून गेली होती. पण संगणक दुरुस्त करणाऱ्या भाचीने ती तेव्हा आपल्या डिस्कवर उतरवून घेतली होती, आणि मध्यंतरी त्या डिस्कनेही मान टाकली. भाचीने खटपट करून आतला माल बाहेर काढला खरा, पण एकाही फाइलला नाव उरलं नव्हतं.

भाचीच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मावशी पडद्यावरचा ढीग बघत होती. "एवढ्या गर्दीत माझी छाती कोणती, हे कुणाला विचारायचं?"

"तिलाच," भाची म्हणाली. "नाव पुसलं तरी फाइल तोंड उघडताच आपण कोण ते सांगते. हे बघ, एफएफ डी८ म्हणजे फोटो. ही आयडी३ म्हणते, म्हणजे गाणं. सुरुवातीचे चार आकडे वाचायचे, पुढचं पोट फाडायची गरज नाही."

"माणसांचं असं असतं तर किती बरं झालं असतं."

"तर तू कुणाशी लग्नच केलं नसतंस."

"बोल, बोल. काकांना सांगते."

पण हसता हसता मावशीचं लक्ष भाचीच्या चेहऱ्याकडे होतं, आणि तो उतरत चालला होता. फोटो निघाले, गाणी निघाली, कुणाकुणाची बिलं निघाली. स्कॅन नव्हता.

"आणि त्या कोपऱ्यातल्या?"

"त्या रिकाम्या. तोंडाशी नुसती शून्यं आहेत. प्रोग्रामने बाजूला काढल्यात, टाकूनच देणार होते..." भाची बोलता बोलता थांबली. "मावशी, या सगळ्या एकाच वजनाच्या आहेत. रिकाम्या फाइली अशा मापून कापल्यासारख्या कशा?"

तिने एक उघडली. शून्यं. खाली सरकवली. पुन्हा शून्यं, ओळीखाली ओळ, माणूस बोलायच्या आधी गप्प बसतो तशी. आठ ओळी तशा गेल्या. नवव्या ओळीच्या सुरुवातीला चार अक्षरं उभी होती: डी, आय, सी, एम.

"हीच," भाची हळूच म्हणाली. "दवाखान्याच्या चित्रांची हीच खूण. आधी कोरी जागा सोडतात आणि मग बोलतात. मी पहिलीच ओळ बघून दार लावून घेत होते."

तिने आणखी खाली सरकवलं. आकड्यांच्या रानात एका जागी मावशीची नजर अडकली. ती अक्षर अक्षर जुळवत वाचू लागली, ओठ हलवत. तिचं आडनाव. मग टोपीसारखं एक चिन्ह. मग तिचं नाव.

"हे मीच."

"तूच. ही तुझ्या छातीची एक चकती. काकडीची असते तशी. अशा शेकडो आहेत."

"आणि नाव?"

भाचीने दुसरी उघडली, मग मधलीच एक, मग तळातली. सगळीकडे आठ ओळी शांतता, मग ती चार अक्षरं, मग मावशी.

"प्रत्येकीवर असतं," भाची म्हणाली. "ढिगातून एकटी सापडली, तरी ती कुणाची ते कळावं म्हणून."

मावशीने पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. एवढी वर्षं आपला एवढासा तुकडासुद्धा आपलं नाव धरून अंधारात पडून होता, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता. तिने पदर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. गाठ जुन्यातही होती. त्यांनी दोन्हीकडे माप घेतलं, खात्री करायला पुन्हा घेतलं, आणि खुर्चीत मागे टेकल्या. "केसभरही वाढलेली नाही. काही उघडायचं नाही. वर्षाने एकदा दाखवून जा."

भाचीने पिशवी उचलली. मावशी उठेना.

"बाई, ते जुनं एकदा चालवता? गळ्यापासून खाली, हळूहळू."

बाहेर रांग होती. तरी डॉक्टरीणबाईंनी चालवलं. काळोखातून एकेक चकती वर आली, फुफ्फुसं उमलली, मिटली, आणि मावशी हात जोडावेत की नाही, या विचारात बघत राहिली.