वाफशाचे तीन दिवस

"नबीभाऊ, ट्रॅक्टर आत नोका आनू. आनसान तं माह्या आंगावरून आना!"

भागीरथाबाई धुऱ्याच्या बांधावर दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली, तेव्हा नबीनं ब्रेक दाबला आणि इंजिन बंद केलं. बाप्पा, ही कोणती तऱ्हा? काल हिनंच निरोप धाडला होता, मक्यासाठी वावर तयार करून द्या म्हणून.

"अवो वहिनी, तुमीच तं बलावलं. आता काय झालं?"

तिनं नुसतं बोट दाखवलं. सोयाबीनच्या धसकटांच्या दोन ओळींमधून अनवाणी पावलं गेली होती, गावाकडच्या धुऱ्यापासून थेट रेल्वेच्या रुळापर्यंत. चिखलात खोल रुतलेली आणि मग उन्हानं वरून टणक झालेली. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

"त्याहीचे हायेत," ती म्हणाली. "तेवढंच राह्यलं माह्यापाशी."

तिचा नवरा देवमन जाऊन बारा दिवस झाले होते. त्या साली काढणीतच पाऊस लागला आणि कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या ढिगाला शेंगेतच कोंब फुटले. एका सकाळी भर पावसात 'वावर पाहून येतो' म्हणून तो निघाला, तो आलाच नाही. चांदूरच्या स्टेशनावर विचारून झालं, नांदगाव पेठेच्या गिरण्यांत विचारून झालं. रुळावरही काही सापडलं नाही.

आणि हा नबी कोण, तर चांदूर रेल्वेच्या बाजारात पंप दुरुस्त करणारा आणि हंगामात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसणारा माणूस. 'माह्या नावावर कबरीपुरती बी जमीन नाई,' असं तोच हसत सांगायचा. पण माती त्याला कळायची. पट्ट्यांचं वेड मात्र देवमनचं. अकोल्याच्या कुठल्याशा मेळाव्यात तो ऐकून आला होता की सारं वावर नांगरायचंच नाही. पेरायच्या ओळीपुरता वीतभर रुंद पट्टा उकरायचा आणि मधली जमीन धसकटांसकट तशीच राहू द्यायची. ओलही टिकते, डिझेलही वाचतं. त्याच्या हट्टापायी नबीनं जुन्या कल्टिव्हेटरचे अर्धे फण काढून ते अवजार बनवलं होतं. वापरायची वेळ आली आणि देवमनच नव्हता.

नबी खाली उतरला. त्यानं मूठभर माती दाबली, गोळ्यावर अंगठा ठेवला. गोळा चिकटला नाही, भुसभुशीत फुटला.

"वाफसा आला हाय, वहिनी, माती पेरनीजोगी झाली. आपली काळी माती तीन दिवस वाट पाह्यते, चौथ्या दिवशी दगड होते. सोयाबीन तं गेलंच. मका बी गेला तं खासान काय?"

"अन् हे पाय?"

खरी पंचाईत तिथंच होती. रीत अशी, की नवा पट्टा जुन्या दोन ओळींच्या मधून काढायचा. आणि पावलं नेमकी तिथूनच गेली होती.

"पाय सोडून वढतो," नबी शेवटी म्हणाला. "धसकटाच्या ओळीवरूनच काढतो पट्टे. चाला, सरका बाजूले."

पहिला पट्टा पावलांच्या शेजारून निघाला. दर वीस कदमांवर धसकटं फणात अडकायची, आणि नबी शिव्या हासडत उतरून ती उपसायचा. पुन्हा चढला की वाटायचं, डाव्या हाताला कोणीतरी ट्रॅक्टरच्याच चालीनं चालतंय. वावराच्या मधोमध तर दोन्ही पावलं जोडीनं होती आणि बोटं गावाकडं वळलेली होती. तिथं कोणीतरी बराच वेळ मागं पाहत उभं होतं. भर दुपारी नबीच्या मानेवर काटा आला. त्यानं 'या अल्ला' म्हणून गिअर टाकला, तो सांजेपर्यंत त्या बाजूला पाहिलंच नाही. निम्मं वावर झालं.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. नबी आला तेव्हा भागीरथाबाई कालच्या पट्ट्यापाशी उकिडवी बसली होती. पट्ट्याच्या मऊ मातीत ताजं पाऊल होतं आणि त्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. पुढच्या पट्ट्यात दुसरं पाऊल, त्याच्या पुढच्यात तिसरं. सगळी रुळाकडून गावाकडं तिरपी येणारी.

"आले, नबीभाऊ!" ती हसतही होती आणि रडतही होती. "आले ते!"

देवमन मेला, हे नबीनं मनात कधीच धरलं होतं. मेलेला माणूस वावर ओलांडून घरी येतो का? त्याला पळून जावंसं वाटलं, पण ती पावलांमागं धावत सुटली होती. तिला एकटी कशी सोडणार? तोही धावला. पावलं सडक्या सोयाबीनच्या ढिगाकडं गेली होती. ढिगामागं कोणीतरी खोकललं.

पार्वताबाई, देवमनची बुढी माय, ढिगाला टेकून पाय पसरून बसली होती. पायांना ओली काळी माती होती. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

"काहून धावून राह्यले व?" तिनं विचारलं.

भागीरथाबाईनं त्या करंगळीकडं पाहिलं. "आत्याबाई, तुमी वावरातून गेलत्या?"

"रोज जातो ना माय, जातानी सडकेनं अन् येतानी वावरातून. पाह्यटची गाडी थांबते तिथं सिंगलले. उतरला तं दिसन म्हून."

"अन् त्या दिवशी? पान्यात?"

"त्या दिवशी जातानीच वावरातून गेलती. देवमन, देवमन करत. मधी उभी राहून मांगं पाह्यलं, घराकडं आला का म्हून." बुढी थांबली. "पन तो कोन्या वाटेनं गेला, ते तं मले दिसलंच नाई."

नबी पुढं झाला. "वहिनी," तो म्हणाला, "त्यातले काही त्याचे बी असतीन..."

भागीरथाबाईनं हातानंच त्याला थांबवलं. ती खाली बसली, बुढीचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि पदरानं चिखल पुसू लागली. आधी टाच पुसली, मग बोटांच्या मधली माती काढली.

"नबीभाऊ," मान वर न करता ती म्हणाली, "ते मधलं बी वढून घ्या. अन् राह्यलेलं रीतीनं काढा. वाफसा चालला."

नबी ट्रॅक्टरवर चढला. फण पावलांच्या ओळीत उतरले आणि खालची ओली माती वर आली. त्यानं डोळे पुसले, पण ट्रॅक्टर थांबवला नाही.

"झाला ना व साफ," बुढी म्हणाली. "सोड आता पाय."

भागीरथाबाईनं तो सोडला नाही.