वयाची अट

यज्ञेश्वर गुरुजी श्रीवर्धनच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेले. नात अनुया सात वर्षांची झाली म्हणून मुलगा अनीश सगळ्यांना हरिहरेश्वरच्या रस्त्यावरच्या नव्या रिसॉर्टवर जेवायला घेऊन आला. तिथे सुपारीच्या जुन्या गोदामात लेझर टॅगचा खेळ सुरू झाला होता. आत अंधार, अंगात दिव्यांचं जाकीट, हातात प्लास्टिकची बंदूक. दुसऱ्याच्या जाकिटावर प्रकाश मारला की गुण आपला.

दारावर पाटी होती : ‘वय किमान सात वर्षे.’

गुरुजींच्या पत्नी अनुसूयाबाईंनी ती वाचली आणि जाकिटं वाटणाऱ्या भाविकाला विचारलं, “आणि जास्तीत जास्त किती?”

“त्याला अट न्हाय, काकी. चार पावलं पळता आलं म्हंजे झालं.”

अनुसूयाबाईंनी पदर खोचला आणि जाकिटात एक हात घातलासुद्धा.

“अगं, वय काय तुझं?” गुरुजींचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. “साठी उलटली, आता बंदूक घेऊन धावणार? लोक हसतील!”

रांगेतले दोघे-तिघे खरंच हसले. बाईंनी हात काढून घेतला, जाकिटाची नीट घडी केली. “बरोबर आहे. मी चपला सांभाळते.”

तेवढ्यात भाविका म्हणाली, एका बाजूला गडी कमी पडतोय. अनुयाने गुरुजींचा हात ओढला. “आजोबा, तुम्ही चला ना!” गुरुजी ‘छे छे’ म्हणाले, पण दोनदाच.

आत गेल्यावर ते आपला दुखरा गुडघा विसरले. पिंपामागे दबा धरून त्यांनी अनीशला तीनदा टिपलं, पोरासारखे ओरडले. बाहेर आले ते घामाघूम.

“अगं, तीनदा टिपला ह्याला!”

अनुसूयाबाई बाकावर बसल्या होत्या. पायाशी सगळ्यांच्या चपला ओळीने लावलेल्या, हातात गुरुजींचं चष्म्याचं घर.

“हो का? छान,” त्या म्हणाल्या आणि पुसायला पंचा पुढे केला. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती एकसष्टची, आपण सहासष्टचे; एवढी वजाबाकी गुरुजींना आत्ता सुचली. कान तापले.

“आता तू जा. मी बसतो इथे.”

“नको. बोललात ते चार लोकांत, आणि मनवताय कानात.”

जेवायला बसल्यावर गुरुजी उभे राहिले. अनीश, सूनबाई, वाढायला आलेली भाविका, शेजारच्या टेबलावरची माणसं, सगळी बघू लागली. “मघाशी मी हिला बोललो, ते चुकलं. वय माझंच जास्त आहे, आणि...”

“बसा,” अनुसूयाबाई ताटाकडे बघत म्हणाल्या, “भात निवतोय.”

त्या दिवशी त्या खेळल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी मात्र भजनी मंडळातल्या पाचजणींबरोबर रिक्षा करून गेल्या. “मी येऊ सोडायला?” गुरुजींनी विचारलं. “कशाला?” म्हणून त्या निघाल्यासुद्धा.

संध्याकाळी अंगणाच्या फाटकाशी, बेड्यापाशी रिक्षा थांबली. अनुसूयाबाई उतरल्या. अंबाडा सुटलेला, हसून हसून डोळ्यांत पाणी. “रंगू तर पिंपावरच आदळली!” त्या मैत्रिणींना सांगत होत्या. मग अंगणात उभे असलेले गुरुजी त्यांना दिसले, आणि हसू आवरून त्यांनी पदर सारखा केला.

गुरुजींनी मान खाली घातली. ते आत गेले आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.