फाटका कोपरा

लाईट गेली त्या दिवशी गावानं लाइनमनला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी रेडिओवर कळलं की अख्खा देशच अंधारात आहे. तिसऱ्या दिवशी मोबाइलच्या टॉवरची बॅटरी संपली आणि मग काही कळणंच बंद झालं. तरी लोक फोन हातात धरून फिरायचे, माळावर जाऊन वर धरायचे. मला त्यांचा राग यायचा.

मी जगदेव. शिरपूरला चौतीस वर्षं पोस्टमन होतो. या लोकांच्या आईबापांना मीच पत्रं वाचून दाखवली. घरोघरी फोन आले आणि मला कोणी ढुंकून विचारीना. आता बसा बोंबलत, असं मी मनात म्हणायचो. पण खरं सांगायचं तर फोनवाचून माझंच सगळ्यात जास्त अडलं होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी मंजुषा पुण्यात. रोज संध्याकाळी सातला कारंज्याहून माझ्या बहिणीचा, चतुराबाईचा फोन यायचा. दिवसभरात माझ्याशी तेवढंच एक माणूस बोलायचं.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तिनंच मला कडेवर घेऊन वाढवलं. तिला मूलबाळ नाही, नवराही गेला. ती जिवंत आहे की नाही, एवढं जरी कोणी सांगितलं असतं तरी मला अंधाराचं काही वाटलं नसतं.

दहाव्या दिवशी शाहिदची काळीपिवळी जीप सुरू झाली. ट्रॅक्टरवाल्यांकडून डिझेल गोळा करून तो तीन दिवसांनी एक खेप मारायचा, कारंजा ते शिरपूर. सोबत गावोगावच्या चिठ्ठ्या न्यायचा. मी बहिणीला लिहिलं, ‘मी बरा आहे. तू कशी आहेस, दोन ओळी कळव.’

तेराव्या दिवशी उत्तर आलं. स्टँडवर शाहिदनं चिठ्ठीची घडी माझ्या हातात कोंबली आणि तो गर्दीत पुढे गेला. वर माझं नाव होतं, पण अक्षर तिचं नव्हतं. आणि उजवीकडचा वरचा कोपरा फाडलेला होता.

नव्या लोकांना हे माहीत नसेल. आमच्या काळी मयताची खबर असली की कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे. असं कार्ड घरात न्यायचं नाही, दारातच वाचायचं आणि फाडून टाकायचं. कित्येक घरी वाचायची गरजही पडत नसे. कोणत्या गावाचं आहे ते मी सांगायचो आणि आतून रडणं सुरू व्हायचं. मी शेकड्यांनी अशी कार्डं वाटली आणि रडणं वाढायच्या आत सायकल पुढच्या गल्लीत काढली. थांबलो कुठेच नाही, याची आता लाज वाटते.

मी चिठ्ठी उघडली नाही. बाहेरच्या कोनाड्यात विटेखाली ठेवली, विहिरीवर आंघोळ केली आणि मुंडण करायला किशन न्हाव्याकडे जाऊन बसलो.

“बहिनीसाठी कोनी डोकं काढते का, भाऊ?” किशन म्हणाला.

“माय होती ते माही. तू काढ.”

शेजारच्या गोमतीबाईनं भाकर आणून दिली. “चिठ्ठीत काय लिवलं हाये?” तिनं विचारलं.

“वाचली नाई. वाचाचं काय त्याच्यात?”

मयताचं घर म्हणजे माणसांनी भरलेलं असतं. माझ्या घरी कोणी नव्हतं. मंजुषाला कळवावं तर कसं? तीन दिवस मी एकटाच रडलो. संध्याकाळी सात वाजले की बंद फोन हातात घ्यायचो, त्या माळावरच्या येड्यांसारखाच.

सोळाव्या दिवशी गल्लीत हसण्याचा आवाज आला. गोमतीबाई दारात पोराची चिठ्ठी वाचत होती आणि शाहिद बाजूला उभा राहून पाणी पीत होता. तिच्या चिठ्ठीचाही कोपरा फाटका! माझं डोकंच फिरलं.

“हा कोपरा कोनं फाडला?”

“मीच फाडला, चाचा,” शाहिद म्हणाला. “शिरपूरच्या चिठ्ठ्यांचा कोपरा फाडतो, शेलूबाजारच्या मधून मुडपतो. चालता चालता हातालेच समजते, वाचत बसा लागत नाई. काहून, काय झालं?”

पंचवीस वर्षांच्या पोराला काय सांगणार? साऱ्या गावाला फाटकेच कोपरे मिळाले होते आणि त्यावरून मुंडण करणारा शहाणा मी एकटाच निघालो. मी धावत जाऊन वीट उचलली.

‘जगू, चष्मा फुटला म्हनून शेजारच्या पोरीच्या, यूसराच्या हातानं लिवते. घरात एकटीले लय भेव लागते. भेटन त्या गाडीनं ये. तू येशील तोवर मी रोज स्टँडवर येऊन बसीन. चतुरा.’

तीन दिवस ती स्टँडवर बसली होती, आणि मी घरात तिचं सुतक पाळत होतो.

त्याच खेपेला मी शाहिदशेजारी बसून निघालो. वाटेत सगळं कळल्यावर त्यानं चारदा माफी मागितली. चूक तुझी नाही, असं मी चारदा सांगितलं.

कारंज्याच्या स्टँडवर ती खांबाला टेकून बसली होती. मी अगदी जवळ गेलो तेव्हा तिला ओळख पटली. मग तिची नजर माझ्या डोक्यावर गेली.

“कोन गेलं रे? मंजू त बरी हाये ना?”

“कोनी नाई गेलं, बाई.”

“मंग डोक्शाले काय झालं?”

मी सगळं सांगितलं. आता शिव्या बसणार, असं वाटलं.

“तीन दिवस रडला?” तिनं विचारलं.

“हो.”

“माह्यासाठी?”

“मंग कोनासाठी?”

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “मले वाटे, या अंधारात मी मेली त कोनाले समजन बी नाई,” ती म्हणाली आणि भर स्टँडवर मोठ्यानं रडू लागली. लोक बघत होते. मी तिच्याजवळ बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं नाक पुसलं.

“खरी मरीन तवा पुन्हा काढजो डोकं,” ती म्हणाली. “हे मी धरत नाई.”

मी हो म्हटलं.