शिवलेली पानं

"थांब. आत्ता उलटलंस ते पुढचं पान नव्हतं. शेवटचं होतं," सासूबाई म्हणाल्या.

तिचा हात पुस्तकातच अडकला. "तुम्हाला कसं कळलं, आई?"

"एवढा गठ्ठा उलटल्याचा आवाज येत नाही होय? माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत."

डोळे तसे पूर्ण गेले नव्हते. नजरेच्या बरोबर मध्यभागी डाग पडला होता. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. दारात कुणी उभं आहे हे कळे, पण कोण ते आवाजावरून ठरवावं लागे. जन्मभर लोकांचे कपडे शिवून, उरलेल्या वेळात वाचनालयातली कपाटं रिकामी केलेल्या बाईला आता कुणीतरी वाचून दाखवावं लागत होतं. आणि त्या कामाला घरात होती ती सून, जिला गोष्टी वाचायचा मनापासून कंटाळा.

"शेवट कळला की वाचायला सोपं जातं," ती म्हणाली.

"तुला सोपं जातं. मला काय? परवा गोष्टीतला तो डॉक्टर घरात शिरला तेव्हाच तुझा आवाज मऊ झाला. मी म्हटलं, गेला बिचारा. आणि खरंच गेला, शंभर पानांनंतर! तू त्याला पहिल्यापासूनच मेलेला धरून वाचत होतीस."

आतून नवऱ्याचा आवाज आला. तो दुरुस्तीला आणलेला पंखा उघडून बसला होता. "आई, अगं मिळतंय ते ऐक की. रेडिओ लागतोय हे काय कमी आहे? स्टेशन जरा खरखरतं, एवढंच."

"तू पंखा बघ," दोघी एकदम म्हणाल्या.

ती मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. परीक्षानळ्या धुणं, द्रावणं करून ठेवणं, तासाच्या आधी टेबलांवर सामान मांडणं आणि तासानंतर ते आवरणं हे तिचं काम. विज्ञानाची पदवी होती, शिकवण्याचीही होती. नव्हती ती फक्त जागा. मागच्या वेळी जागा निघाली तेव्हा तिचा विज्ञानाचा तास सगळ्यांना आवडला होता आणि वाचनाच्या तासाला ती पडली होती.

ही त्या शाळेची जुनी रीत होती. आठवड्याचा शेवटचा तास वाचनाचा. विषय कुठलाही असो, अगदी कवायतीच्या बाईंनीसुद्धा आपल्या वर्गाला एक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं. परीक्षा नाही, प्रश्न नाहीत. मुलींनी बाकावर डोकं टेकवून ऐकलं तरी चालायचं. त्यामुळे नव्या शिक्षिकेची निवड करताना तिचा विषयाचा तास बघायचे, तसा वाचनाचाही. तिने मागच्या वेळी बाटलीवरचं लेबल वाचावं तसं वाचलं होतं. एकेक शब्द तपासून, चूक होऊ नये म्हणून. प्रयोगशाळेत तसंच वाचायचं असतं. गोष्टीत मात्र त्याने मुली झोपल्या होत्या.

आता पुन्हा जागा निघाली होती. म्हणून ती रोज संध्याकाळी सासूबाईंना वाचून दाखवत होती. सराव तिचा, करमणूक त्यांची, असा व्यवहार. सध्या तो दोघींनाही तोट्याचा होता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तर सासूबाई खिडकीपाशी नवं पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हातात सुई होती. पुस्तकाच्या शेवटच्या पानांना त्यांनी कडेने लांब टाक्यांचा धावदोरा घातला होता. बोटांनी चाचपत घातलेला, पण सरळ रेषेत.

"आई, अहो, वाचनालयाचं पुस्तक आहे!"

"वाचनालयवाल्याच्या मुंजीतला सदरा मी शिवलाय. तो मला काही म्हणायचा नाही." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "आता बघ शेवट. बघूनच दाखव."

तिला हसू आलं आणि थोडा रागही आला. मग प्रयोगशाळेतली गोष्ट आठवली. पाणी किती अंशांवर उकळतं हे ज्या मुलींना आधीच माहीत असतं, त्या थर्मामीटर वाचतच नाहीत. पारा कुठेही असो, त्या पाठ असलेला आकडा लिहून मोकळ्या होतात. तिला ते लांबूनही ओळखता यायचं. कारण त्या वाकून बघत नाहीत.

"म्हणजे मी वाकून बघत नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

"काय?"

"काही नाही. वाचते."

पुस्तक एका नावाड्याचं होतं. तो एका सकाळी नाव काठाला बांधून निघून जातो आणि त्याची मुलगी तीच नाव घेऊन त्याला शोधायला नदीच्या वरच्या अंगाला जाते. तिने वाचायला सुरुवात केली. अजूनही ती अडखळायची. लांब वाक्यात वाट चुकायची, मागे येऊन पुन्हा वाचायची. पण आता सासूबाई टोकत नव्हत्या. कधी म्हणायच्या, "तो दुकानदार खोटं बोलतोय बघ." ती म्हणायची, "कशावरून?" मग दोघी वाद घालायच्या, आणि भाजी चिरायची राहून जायची. एकदा नवरा स्वयंपाकघरातून ओरडला, "नावाडी सापडला असेल तर जेवायला वाढा!"

निवडीच्या दिवशी तिने तेच पुस्तक पिशवीत टाकलं.

सकाळी विज्ञानाचा तास झाला. उकळत्या पाण्याखाली आच चालू असूनही पारा एका जागी का थांबतो, हे तिने मुलींनाच शोधायला लावलं. कुणी आकडा सांगायला तोंड उघडलं की ती म्हणायची, "आधी वाकून बघ." निवड समिती मागच्या बाकांवर होती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मान हलवत होत्या.

शेवटच्या तासाला तिने पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर जीभ अडखळली, कान तापले. ती थांबली आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. मग नदी लागली. मुलगी वल्ही मारू लागली. मधल्या रांगेतल्या एकीने बाकावरून डोकं उचललं.

"बाई, तिचे बाबा सापडतात का?"

रोज या मुली तिला प्रयोगशाळेतली ताई म्हणत. आज त्यांना बाई म्हणायला सांगितलं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"तुम्ही वाचलं नाहीये?"

"नाही. हे बघ." तिने पुस्तकाची शिवलेली पानं वर धरून दाखवली. "आमच्या घरी शेवट असा बंद करून ठेवतात. माझ्यासाठी."

वर्ग खो खो हसला. मग आपोआप गप्प झाला. घंटा झाली तेव्हा मुलगी नदीच्या एका वळणावर होती आणि पुढचं दिसत नव्हतं.

नंतरचे दिवस तिने नेहमीसारखेच काढले. परीक्षानळ्या धुतल्या, बर्नरच्या जाळ्या घासल्या. दारापाशी पाऊल वाजलं की मात्र हात थांबायचा. घरी सासूबाईंनी निकालाचं विचारलं नाही आणि तिनेही पुस्तक काढलं नाही. शेवटची थोडीच पानं राहिली होती. नोकरी लागली की वाचू, असं तिने मनात धरलं होतं. तसं बोलली मात्र नव्हती.

एका दुपारी मोठ्या बाई स्वतः प्रयोगशाळेत आल्या. तेव्हाच तिला कळलं. चांगली बातमी असती तर ऑफिसात बोलावणं आलं असतं.

"बस ना जरा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"पाणी ठेवलंय बर्नरवर."

"तास चांगला झाला तुझा. दोन्ही चांगले झाले. पण त्या दुसऱ्या उमेदवार आहेत ना, त्यांना अनुभव जास्त आहे गं. समितीत बाकी सगळ्यांचं तेच मत पडलं." त्या थांबल्या. "मी तुझ्या बाजूने बोलले."

"हो, बाई."

पाणी उकळत होतं. तिने बर्नर बंद केला.

नव्या बाई आठवड्याभरात रुजू झाल्या. स्वभावाने मोकळ्या होत्या. "ताई, स्टँड कुठे ठेवता तुम्ही? मला सगळं तुम्हीच दाखवायचं हं," असं पहिल्याच दिवशी म्हणाल्या. तिने दाखवलं. त्यांच्या पहिल्या तासासाठी तिने प्रत्येक टेबलावर चंचुपात्र, थर्मामीटर, जाळी, काडेपेटी मांडली. एका थर्मामीटरमधली पाऱ्याची रेघ मधेच तुटली होती, तो बदलला. तास चालू असताना ती आतल्या खोलीत बाटल्या पुसत होती. बाहेरून आवाज आला, "बाई, शंभर!" आणि नव्या बाई म्हणाल्या, "शाब्बास." तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने पुढची बाटली घेतली.

मधल्या सुट्टीत दाराशी तीन डोकी दिसली. मधल्या रांगेतली ती मुलगी पुढे होती.

"ताई, त्या नावाड्याचं काय झालं हो? नव्या बाईंनी दुसरंच पुस्तक घेतलंय."

"मला अजून माहीत नाही."

"अजून उसवलं नाही?"

"नाही."

"मग कधी?"

तिने हात पुसले. "उद्या या. मधल्या सुट्टीत. डबे बाहेर खाऊन या, इथे काही खायचं नाही."

संध्याकाळी तिने पुस्तक काढलं तेव्हा सासूबाईंनी आवाजाकडे मान वळवली.

"शाळेतल्या मुली विचारत होत्या," ती म्हणाली. "नावाड्याचं काय झालं म्हणून."

"मग? सांगितलंस?"

"मला तरी कुठे माहीत आहे?"

निकाल सासूबाईंना मुलाकडून कळला असणार. "कात्री आण," त्या म्हणाल्या.

दोरा त्यांनी स्वतः उसवला. एकेक टाका नखाने शोधून काढला, कापला आणि तुकडे मुठीत धरले. मग तिने वाचलं. खिडकीतला उजेड पानावर होता तोवर वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. आतला पंख्याचा खटखटाट थांबला होता. नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

"मला वाटलं होतं तसं नाही झालं," सासूबाई म्हणाल्या.

"मलाही."

"आवाज छान लागला होता आज."

तिने उठून दिवा लावला, शिवणाच्या डब्यातून सुई आणली आणि दोरा ओवला. मग शेवटची पानं नीट एकावर एक जुळवून ती जुन्याच भोकांतून धावदोरा घालू लागली. टाके तिरके पडत होते. सासूबाईंनी हात पुढे करून बोटांनी ते चाचपले.

"जरा ओढून घाल," त्या म्हणाल्या. "पोरी डोकावतील."