दारापेक्षा मोठी कणगी

बत्तीस सालच्या माघात जगदेव आणि गिरजाबाई वेगळे निघाले. आसेगावच्या शिवारात त्यांनी कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कुड बांधून त्यावर गवत शाकारलं. अंबाडीच्या दोरीची बाज आणि मातीची चूल मांडली. सगळं रानातलं, घरच्या हातचं. सोबत एक बकरी. गिरजाबाईच्या सासऱ्यांना, नानाजींना, हे वेगळं निघणं मुळीच पटलं नव्हतं. वाट्याची ज्वारी घेऊन पंधरा दिवसांनी येतो, पण ठेवायला धड जागा दिसली नाही तर त्याच गाडीत दोघांना परत नेतो, असं त्यांनी बजावलं होतं.

परत म्हणजे चार जावांच्या राज्यात. तिथे चूल गिरजाबाईच्या वाट्याला यायची ती फक्त सारवायला.

ज्वारी साठवायला तुरीच्या तुराट्यांची कणगी जगदेवनं मोठ्या हौसेनं विणली, पण अंगणात, ऊन चांगलं म्हणून. गिरजाबाईनं ती शेणामातीनं दोनदा लिंपली. वाळल्यावर, नानाजी यायच्या आदल्या दिवशी, दोघांनी उचलून दाराशी आणली, तर ती दारापेक्षा वीतभर मोठी! कणगी घरात बसून विणायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. जगदेव कपाळाला हात लावून बसला, म्हणाला गाठोडं बांध. गिरजाबाईला आधी रडू आलं, मग राग आला.

"दारापाशी काहून रडत बसाचं?" ती म्हणाली. "मांगची भित आपलीच हाय ना."

तिनं मागच्या कुडाच्या गाठी सोडल्या, पऱ्हाट्या उपसल्या. दिवेलागणीच्या आत कणगी घरात आली, कुड पुन्हा बांधून लिंपूनही झाला.

सकाळी नानाजी आले. गाडीवर त्यांचा थोरला मुलगा शालिकराम होता. नानाजींनी कणगी पाहिली, मग दार पाहिलं, मग हातानं दोन्ही मापली. मग ते घरामागे गेले आणि कुडाला तळवा लावला. तळवा चिखलानं भरला.

नानाजींनी हात धोतराला पुसला.

"शालिक, पोते उतरव."

गिरजाबाईचा जीव भांड्यात पडला. ज्वारी कणगीत ओतून झाली, तसे नानाजी रिकाम्या गाडीत चढले. निघताना हळूच म्हणाले,

"सूनबाई, मांगची भित ओली हाय. दोन रोज बकरी बांधू नको तिले."